नवरा दुबईत, आम्ही मिसिसागात: पीआरचे ७३० दिवस कसे सांभाळायचे

माझी आई दुधाचा हिशोब कालनिर्णयवर ठेवायची, ज्या दिवशी दूध आलं नाही त्या तारखेवर फुली, महिन्याच्या शेवटी गवळ्याशी हुज्जत. मी तसाच नवऱ्याचा हिशोब ठेवते. ज्या दिवशी तो कॅनडात आहे त्या तारखेला लाल गोल, बाकी कोरं. २०१७ पासूनची सगळी कॅलेंडरं एका फाईलमध्ये आहेत, दरवर्षी नाशिकहून कोणी ना कोणी येताना घेऊन येतं. हसण्यावारी नेऊ नका, याच गोलांवर त्याचा पीआर, म्हणजे कॅनडात कायमचं राहण्याचा हक्क, टिकलाय.

इथे टोरोंटोच्या आसपास आमच्यासारखी घरं भरपूर आहेत. बायको-मुलं मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टनला, आणि नवरा दुबई, दोहा, कुवेत नाहीतर पुण्यात, कारण तिथे जो पगार मिळतो तो इथे पहिल्या दिवसापासून मिळत नाही आणि घराचा हप्ता तर भरायचाच असतो. दुबईतल्या ज्या एजंटने आमची फाईल केली त्याने तेव्हा छातीठोकपणे सांगितलेलं, "मॅडम, फॅमिली तिकडे आहे ना, मग साहेबांचा पीआर सेफ." हे साफ चुकीचं आहे आणि अजूनही लोक हेच धरून चालतात म्हणून मुद्दाम लिहायला बसले. पीआर कुटुंबाचा नसतो. रेशनकार्डासारखं एकावर सगळ्यांचं भागत नाही, प्रत्येकाचं खातं वेगळं, प्रत्येकाने आपापले दिवस भरायचे. मी इथे दहा वर्षं राहिले तरी नवऱ्याच्या खात्यात एक दिवस जमा होत नाही.

नियम ऐकायला सोपा आहे. कुठल्याही पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात. सलग पाहिजेत असं नाही, तुकड्या-तुकड्यात चालतात, आणि दिवसाचा थोडासा भाग जरी कॅनडात गेला तरी तो अख्खा दिवस धरतात, म्हणजे रात्री अकराला विमान उतरलं तरी तो दिवस तुमचा आणि ज्या दिवशी निघालात तोही तुमचा. गडबड होते ती 'कुठल्याही' या शब्दात. ही पाच वर्षं पीआर कार्डावरच्या तारखेपासूनची नाहीत. ज्या दिवशी तुमची तपासणी होईल, मग ती एअरपोर्टवर असो, कार्ड रिन्यूच्या अर्जात असो की बाहेरून प्रवासाचं कागदपत्र मागताना असो, त्या दिवसापासून मागे मोजलेली पाच वर्षं. ही पाच वर्षांची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. फक्त पीआर मिळून पाच वर्षं झाली नसतील तर ऑफिसर एवढंच बघतो की पाच वर्षं पुरी होईपर्यंत याचे ७३० अजून भरू शकतात का. म्हणजे पहिल्या पाच वर्षांत साधारण १०९५ दिवस बाहेर काढले की वाट बंद.

गल्फवाल्यांनी इथेच कागद-पेन घ्यावं. वर्षाला ३० दिवसांची सुट्टी, ती सगळीच्या सगळी कॅनडात घालवली, गावी एकही दिवस गेला नाही, तरी पाच वर्षांत १५०. राहिले ५८०. म्हणजे कधीतरी दीड-पावणेदोन वर्षं नोकरी सोडून किंवा बिनपगारी इथे येऊन बसावंच लागतं, सुट्ट्यांवर पीआर टिकत नाही. आणि दुसऱ्या बाजूने यूएईचा साधा रेसिडेन्स व्हिसा सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की रद्द होतो, गोल्डन व्हिसावाल्यांना ती अट नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवायचा तर हे आधी माहीत पाहिजे.

आमचाच हिशोब सांगते, म्हणजे खिडकी कशी सरकते ते कळेल

आम्ही १० जुलै २०१७ ला पीआर म्हणून इथे लँड झालो. नवरा २९ तारखेपर्यंत राहिला, २० दिवस. मग डिसेंबर २०१८ मध्ये २० तारखेला आला, ३२ दिवस. २०१९ च्या उन्हाळ्यात ४१. फेब्रुवारी २०२० मध्ये २८. झाले १२१. मग कोविड आला, सप्टेंबरात कंपनीने माणसं कमी केली त्यात त्याची नोकरी गेली, आणि रात्री दीड वाजता व्हिडिओ कॉलवर बसून आम्ही पहिल्यांदा नीट मोजलं. पाच वर्षं पुरी होणार ९ जुलै २०२२ ला. हवेत अजून ६०९. उलटं मोजत गेलो तर तारीख आली ८ नोव्हेंबर २०२०. त्या दिवशी टोरोंटोत पाय ठेवायचा आणि पुढचे वीस महिने कॅनडाबाहेर जायचं नाही. त्याआधी यावं असं ठरवलं पण व्हिसा कॅन्सल, हिशोबाचे पैसे, घराचा करार यात दिवस गेले आणि तिकीट मिळालं ते नेमकं ८ नोव्हेंबरचं. विमान लेट झालं असतं तर काय, हा विचार मी अजूनही करते. आल्यावर १४ दिवस क्वारंटाइन बेसमेंटमध्ये, तेही दिवस मोजले गेले हो, कॅनडातच होता ना.

त्या वीस महिन्यांत त्याने वेअरहाऊसमध्ये नाईट शिफ्ट केली. नाशिकला सासऱ्यांचं वर्षश्राद्ध झालं ते आम्ही फोनवर बघितलं, भटजींनी फोन ताटाच्या बाजूला टेकवून ठेवला होता आणि अर्धा वेळ नुसतं छत दिसत होतं.

९ जुलै २०२२ ला मोजले तर बरोब्बर ७३०. आता सुटलो असं वाटतं ना? नाही. दुसऱ्या दिवसापासून खिडकी सरकली आणि २०१७ चे ते पहिले २० दिवस एकेक करून मागून गळायला लागले. तो १० जुलैला निघाला असता तर ३० तारखेपर्यंत ७११ वर आला असता. म्हणून आणखी २० दिवस थांबायचं, एक दिवस गळतो, एक भरतो, आकडा तिथेच. २९ जुलैला ते २० संपले. त्यानंतर मागे काय आहे? डिसेंबर २०१८ पर्यंत नुसते कोरे दिवस, तो दुबईत होता ते. कोरा दिवस गळला तर आपलं काही जात नाही. म्हणजे ३० जुलैनंतर डिसेंबर २०२३ पर्यंत तो बाहेर राहिला तरी ७३० च्या खाली येत नव्हता. हे एकदा डोक्यात बसलं की सगळं सोपं होतं: तुम्ही पाच वर्षांपूर्वी जेव्हा कॅनडात होतात ते दिवस महाग, जेव्हा नव्हतात ते फुकट. बाहेर जायचं तर फुकटच्या दिवसांत जा.

आम्ही काठावर खेळलो नाही. तो थांबला, ऑगस्टमध्ये कार्ड रिन्यूचा अर्ज केला, कार्ड हातात आल्यावर २७ ऑक्टोबरला गेला. जास्तीचे ९० दिवस गंगाजळीत. सगळ्यांना हेच सांगते, ७३० वर अर्ज करू नका, महिना-दोन महिने वर असू द्या, कारण मोजण्यात तुमची एखादी ट्रिप सुटते, अमेरिकेत बफेलोला मॉलमध्ये गेलो होतो, मुलांना नायगाराच्या पलीकडे नेलं होतं आणि रात्री तिकडेच राहिलो, हे कोणाच्या लक्षात राहतं.

कार्ड संपलं म्हणजे पीआर संपला असं नाही

आणि उलटही खरं, कार्ड चालू आहे म्हणजे पीआर पक्का आहे असं नाही. कार्ड हा नुसता पुरावा आहे, साधारण पाच वर्षांचा. दिवस कमी पडले तरी पीआर आपोआप जात नाही, कोणीतरी अधिकाऱ्याने तसा निर्णय द्यावा लागतो, तुमच्या अपिलाची मुदत संपावी लागते, मग जातो. किंवा तुम्ही स्वतः सोडता, किंवा सिटिझन होता.

पण विमानाला कार्ड लागतं. माझ्या दिरांचं काय झालं, ते दोह्यात असतात, दिवस त्यांचे व्यवस्थित होते, पण सासूबाई नाशिकला हॉस्पिटलमध्ये होत्या त्या गडबडीत कार्डाची तारीख उलटून गेली. मुंबईला चेक-इन काउंटरवर बॅगा वजनकाट्यावर ठेवल्यावर तिथली मुलगी म्हणाली, सर हे एक्स्पायर आहे. रात्री अडीच वाजता. भारतीय पासपोर्टवर कॅनडाला जायला पीआर कार्ड तरी पाहिजे नाहीतर पीआरटीडी, म्हणजे परमनंट रेसिडेंट ट्रॅव्हल डॉक्युमेंट. ते बाहेरूनच मागायचं असतं, फॉर्म आयएमएम ५५२४, फी ५० डॉलर. साधारण एका एन्ट्रीसाठी मिळतं. दिवस भरलेले असले तर काळजी नाही, फक्त वेळ जातो, दिरांचं तिकीट फुकट गेलं तेवढंच.

दिवस भरलेले नसतील तर मात्र पीआरटीडीचा अर्ज आंधळेपणाने करू नका. तो अर्ज म्हणजे स्वतःहून 'माझी तपासणी करा' असं सांगणं आहे. नाकारला तर तिथेच लेखी निर्णय होतो की तुम्ही अट पाळली नाहीत, मग ६० दिवसांत अपील करायचं, नाही केलं की पीआर गेला. अपील चालू असेल आणि मागच्या ३६५ दिवसांत एकदा तरी कॅनडात येऊन गेला असाल तर अपिलासाठी आत यायला कागद मिळू शकतो, हेही लक्षात असू द्या, लोक घाबरून नुसते बसून राहतात.

ज्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे ते दुसरी वाट धरतात, अमेरिकेत उतरून कोणाच्या तरी खाजगी गाडीने सीमेवरच्या पीस ब्रिजवरून कॅनडातल्या फोर्ट एरीला येतात. यात बेकायदा काही नाही, पीआर असल्याचं पटलं की बॉर्डर ऑफिसरला आत सोडावंच लागतं, जुनं कार्ड, लँडिंगचा कागद, पासपोर्ट जवळ ठेवायचा. पण तो विचारू शकतो की पाच वर्षं होतात कुठे, आणि दिवस कमी असले तर अट मोडल्याचा रिपोर्ट लिहू शकतो. त्यातून पुढे देश सोडण्याचा आदेश निघाला तर अपिलाला ३० दिवस, ते चालू असेपर्यंत पीआर राहतो. विचारल्यावर खोटं बोलायचं नाही. रिपोर्ट न होता आत आलात तर गुपचूप दोन वर्षं इथे राहायचं, कार्डाचा अर्ज नाही, कोणाला स्पॉन्सर करून इकडे बोलवायचं नाही, बाहेर जायचं नाही, ७३० भरले की मग अर्ज. खूप लोकांनी असंच केलंय.

रिन्यू करायचं असेल तर फॉर्म आयएमएम ५४४४, फी तीच ५० डॉलर, कार्डाची मुदत नऊ महिन्यांपेक्षा कमी उरली की करता येतं. अर्ज करताना तुम्ही कॅनडात पाहिजे आणि कार्ड कॅनडातल्याच पत्त्यावर येतं. आमच्या बिल्डिंगमधल्या एकांनी दुबईत बसून बायकोकडून अर्ज टाकला, जणू इथेच आहेत असं दाखवून, आणि मग त्यांना कार्ड घ्यायला प्रत्यक्ष या म्हणून पत्र आलं. पुढचं सांगत नाही.

बाहेरचे दिवस कधी धरतात

यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. बाहेर राहूनही दिवस धरले जाण्याच्या मोजक्याच वाटा आहेत.

एक म्हणजे तुम्ही कॅनेडियन सिटिझन नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर बाहेर राहता. 'बरोबर' म्हणजे एका घरात, रोजचं राहणं एकत्र. मी २०२२ मध्ये सिटिझन झाले तेव्हा नवऱ्याला वाटलं आता काम झालं, बायको सिटिझन आहे, मी दुबईत असलो तरी चालेल. अहो पण बायको मिसिसागात आहे! मी इथे आणि तो तिथे, तर तो माझ्याबरोबर कुठे आहे? उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघं सात आठवडे त्याच्याकडे जाऊन राहिलो, ते दिवस धरावेत का यावर घरात वाद झाला. मी ते हिशोबात धरत नाही. पाहुणं म्हणून जाणं वेगळं आणि बिऱ्हाड करणं वेगळं, आणि त्या दिवसांवर आपला ७३० अवलंबून असेल तर आधीच गणित चुकलंय. अख्खं घर उचलून दुबईला गेलो असतो, भाडेकरार दोघांच्या नावावर, मुलं तिथल्या शाळेत, तर गोष्ट निराळी. तरीही काही प्रकरणांत 'कोण कोणाबरोबर गेलं' हा प्रश्न निघालेला आहे, विशेषतः नवरा आधीच वर्षानुवर्षं तिथे नोकरीला आणि बायको नंतर गेली असेल तेव्हा. म्हणून त्या वाटेने जायचं तर आधी वकिलाला विचारून, आणि लग्नाचं सर्टिफिकेट, बायकोचा पासपोर्ट, एकत्र राहिल्याचे कागद सगळं जपून.

यात एक खड्डा आहे ज्यात आपल्या मुली नेहमी पडतात. बाळ कॅनडात जन्मलं, जन्मतःच सिटिझन, आणि आई त्याला घेऊन पुण्याला माहेरी वर्षभर गेली. तिला वाटतं मी सिटिझनबरोबर आहे. नाही धरत! मूल सिटिझन आई-बापाबरोबर असेल तर मुलाचे दिवस धरतात, तेही मूल २२ पेक्षा लहान आणि बिनलग्नाचं असेल तर. आई-बाप सिटिझन मुलाबरोबर असतील तर त्यांचे नाही. उलटी गंगा वाहत नाही.

दुसरी वाट, कॅनेडियन कंपनीने किंवा इथल्या सरकारी खात्याने तुम्हाला पूर्णवेळ नोकरीत बाहेर पाठवलं असेल तर. 'पाठवलं' हा शब्द महत्त्वाचा. टोरोंटोच्या कंपनीसाठी हिंजवडीत बसून लॅपटॉपवर काम करतो म्हणून ते दिवस आपोआप धरत नाहीत, कंपनीने बाहेरच्या जागेवर नेमणूक केलेली पाहिजे, कंपनीचं इथे खरंखुरं काम चालू पाहिजे, नेमणूक संपल्यावर परत येण्याची गोष्ट पाहिजे, आणि हे सगळं पत्रात लिहिलेलं पाहिजे. तुम्हाला अशी पोस्टिंग असेल तर तुमच्याबरोबर राहणाऱ्या पीआर बायको-मुलांचेही दिवस धरतात, हा फायदा फार लोकांना माहीत नसतो. आणि कोणी सुचवेल की ओंटारियोत स्वतःच्या नावाची कंपनी उघडा आणि स्वतःलाच दुबईला पाठवा, तर कायद्यात सरळ लिहिलंय की केवळ पीआर टिकवायला उघडलेली कंपनी चालत नाही. हा शहाणपणा तुमच्या आधी बऱ्याच जणांना सुचून गेलाय.

दिवस कमी पडले आणि कारण खरं असेल, आजारपण, घरात मृत्यू, मुलाची परिस्थिती, तर मानवतेच्या आधारावर सूट मागता येते, याला इथे एचअँडसी म्हणतात. मुलांचं हित हा त्यात मोठा मुद्दा असतो, किती दिवस कमी पडले, का गेलात, कारण संपल्यावर लगेच परत आलात का, इथे तुमचं काय आहे, हे सगळं बघतात. 'तिथे पगार चांगला होता' हे कारण कोणाला पटत नाही, मनाला लावून घेऊ नका. डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचं पत्र, तिकिटं, मृत्यूचा दाखला, भावाबहिणींपैकी दुसरं कोणी का करू शकत नव्हतं त्याचं दोन ओळींचं पत्र, हे त्या-त्या वेळीच गोळा करा, पाच वर्षांनी हॉस्पिटलवाले दारात उभं करत नाहीत.

पुरावे कसे ठेवायचे

टोरोंटो एअरपोर्टवर मशीनपुढे उभं राहायचं, पासपोर्टवर शिक्का मिळेलच असं नाही. दुबईतही ई-गेट. म्हणजे पासपोर्ट बघून काही कळत नाही. पण सरकारला सगळं कळतं, २०२० पासून विमानाने बाहेर गेल्याचीही नोंद कॅनडाकडे जाते, त्यामुळे 'कोण बघतंय' या भ्रमात राहू नका. आपली स्वतःची एन्ट्री-एक्झिटची नोंद माहितीच्या अधिकारासारख्या अर्जाने मागवता येते, रिन्यूच्या आधी मागवा आणि आपल्या वहीशी पडताळा. यूएईतूनही प्रवासाचा रिपोर्ट काढता येतो, तिथून कायमचं निघण्याआधी काढून ठेवा.

बोर्डिंग पास मी फ्रिजवर मॅग्नेटखाली लावते आणि महिनाअखेर फोटो काढून ईमेलला टाकते, कारण त्यावरची शाई वर्षभरात उडते, २०१८ चा पास आता कोरा कागद आहे. जुने पासपोर्ट टाकू नका. इथे असताना नवऱ्याच्या नावावर काहीतरी हलतं राहू द्या, बँकेचं कार्ड वापरलं, दाताच्या डॉक्टरची पावती, लायब्ररी कार्ड, पगाराच्या स्लिप. नुसतं नाव लीजवर असणं हा राहिल्याचा पुरावा नाही.

आणि खोटं काही करू नका. २०१५ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या एका सल्लागाराला सात वर्षांची शिक्षा झाली, तो लोकांच्या पासपोर्टवर खोटे शिक्के मारून ते कॅनडात होते असं दाखवायचा, शेकड्यांनी गिऱ्हाइकं. तो अडकला आणि मागोमाग त्याची गिऱ्हाइकंही. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं की पीआर तर जातोच, वर पाच वर्षं प्रवेश बंद. सल्लागार घ्यायचा तर लायसन्स बघून घ्या, आरसीआयसी (म्हणजे लायसन्सवाला इमिग्रेशन सल्लागार) किंवा वकील, नाव रजिस्टरमध्ये शोधता येतं. गल्फमधल्या मॉलमध्ये खुर्ची टाकून बसलेला माणूस म्हणजे सल्लागार नव्हे.

टॅक्स, हेल्थ कार्ड वगैरे

थोडक्यात सांगते कारण हे खातंच वेगळं आहे. पीआरचे दिवस आणि टॅक्सचा रेसिडेंट यांचा एकमेकांशी संबंध नाही. बायको-मुलं आणि घर इथे असेल तर टॅक्सवाल्यांच्या दृष्टीने नवऱ्याचे धागे इथेच आहेत, आणि मग दुबईचा पगारही इथे दाखवायचा प्रश्न येतो. यूएईबरोबर कॅनडाचा करार आहे, पण तो तुम्हाला लागू पडतो का हे सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला, पैसे देऊन विचारा, ग्रुपवर विचारू नका. मुलांचा चाइल्ड बेनिफिट दोघांच्या मिळकतीवर ठरतो, बाहेर कमावलेलीही त्यात आली. नवऱ्याची कमाई शून्य दाखवून भत्ता घेतलेल्यांना नंतर व्याजासकट परत करावा लागलेला मी बघितलंय. ओंटारियोचं हेल्थ कार्ड टिकवायला १२ महिन्यांत १५३ दिवस ओंटारियोत लागतात, म्हणजे गल्फच्या नवऱ्याचं ते बहुतेक टिकत नाही, सुट्टीला आला की प्रवासी विमा काढा, गेल्या वेळी नुसता पाय मुरगळला तर एक्स-रेचं बिल बघून लंगडणं थांबलं त्याचं.

सिटिझनशिपचं गणितही वेगळं. तिथे पाच वर्षांत १०९५ दिवस, आणि सिटिझन बायकोबरोबर बाहेर राहिलेले दिवस त्यात येत नाहीत, प्रत्यक्ष इथेच पाहिजे. मी म्हणते घरातल्या ज्याला इथे राहणं शक्य आहे त्याने आधी सिटिझन व्हावं. भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो, ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, काढावं लागतं, मन खट्टू होतं हे खरं, पण एक जण सिटिझन असला की पुढे सगळ्यांना मोकळीक मिळते. अगदी नवऱ्याचा पीआर गेलाच तरी बायको त्याला पुन्हा स्पॉन्सर करू शकते. त्यात पैसे जातात, वेळ जातो, पण जग बुडत नाही, एवढ्यासाठी कोणी खोटे कागद करायला जाऊ नये. बायको नुसती पीआर असेल तर स्पॉन्सर करताना ती इथे राहत असली पाहिजे, सिटिझनला बाहेरूनही करता येतं, परत येण्याचा बेत दाखवून.

आता आमचं पुढचं. २७ ऑक्टोबर २०२२ ला तो गेला तेव्हा ८२० होते. मग २०१८ चे ३२, २०१९ चे ४१, २०२० चे २८ गळले, मधे तो तीनदा येऊन ३३, ४० आणि २५ दिवस राहून गेला, म्हणून ७ नोव्हेंबर २०२५ ला ८१७. छान वाटतो ना आकडा? पण त्या तारखेपासून मागे तो जवळजवळ चोवीस महिन्यांचा सलग लाल पट्टा सुरू होतो, वेअरहाऊसवाला, आणि तो रोज एकेक गळणार. ८७ दिवस गळले की ७३०, म्हणजे २ फेब्रुवारी २०२६. आणि तो परत आला तरी आकडा वाढणार नाही, मागून एक जातो, पुढून एक येतो, २७ ऑक्टोबर २०२७ पर्यंत जागच्या जागी. ज्यांनी एका दमात दोन वर्षं काढली त्या सगळ्यांना पाच वर्षांनी हीच दोन वर्षं पुन्हा काढावी लागतात, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तो नंतर सलग राहिला तर सिटिझनशिपचे १०९५ भरायला ऑक्टोबर २०२८ उजाडतो.

म्हणून त्याने राजीनामा दिलाय आणि तिकीट १८ जानेवारीचं काढलंय. त्या दिवशी ७४६ असतील, हातात १६ दिवसांची गंगाजळी. नाशिकच्या भाच्याचं लग्न एप्रिलमध्ये आहे, सासूबाई रोज फोनवर विचारतात किती दिवसांसाठी येणार, आणि मी त्यांना नवीन कालनिर्णय समोर धरून सांगितलंय, आई, जाण्या-येण्याचे दिवस इकडे धरून वर बारा दिवस, तेराव्या दिवशी तो परत.